मनाचे दुखणे आणि आपली वही

आपल्या सानगडीकडे धानाचा हिशेब सगळेच ठेवतात. बियाणे किती लागले, रोवणीला बाया किती आल्या, सोसायटीचे देणे किती राहिले, हे कुठे ना कुठे टिपलेले असते. लिहिता येत नव्हते तेव्हाही माणसे भिंतीवर कोळशाच्या रेघा ओढीत. पण मनाचा हिशेब कोण ठेवतो?

या पाठात आपण अशाच एका वहीविषयी वाचू. मनाच्या आजारातून उठणाऱ्या माणसाने ती स्वतः लिहायची असते.

मन आजारी पडते म्हणजे काय?

अंगाला ताप येतो, तसे मनही आजारी पडते. कुणाला महिना-महिना उदास वाटते. अन्न गोड लागत नाही, कामात हात चालत नाही. कुणाला नसलेले आवाज ऐकू येतात, घरचीच माणसे वैरी वाटू लागतात. कुणी काही दिवस भलत्याच जोरात असतो, झोपत नाही, पैसा उधळतो. मग एकाएकी खचून जातो.

लोक म्हणतात, "बाहेरचे लागले", "वेड लागले". आम्ही म्हणतो, आजार झाला. आजार म्हटला की औषध आले, पथ्य आले आणि सुधारणेची आशाही आली.

औषध दवाखान्यातून घ्यायचे. भंडाऱ्याला जिल्हा रुग्णालय आहे. नागपूरला सरकारचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. उदासीच्या गोळ्यांचा गुण दिसायला बहुधा दोन ते चार आठवडे लागतात. म्हणून आठ दिवसांत "काही फरक नाही जी" म्हणून गोळ्या टाकून देऊ नयेत. बरे वाटले म्हणूनही आपल्या मनाने बंद करू नयेत. गोळीने फार झोप येते, हातपाय आखडतात, असे असेल तर डॉक्टरांना सांगावे. गोळी कमी करायची की बदलायची, ते ठरवतील.

डॉक्टर तर महिन्यातून एकदा भेटणार. बाकीचे दिवस कसे काढायचे? तिथे ही वही कामी येते.

खरे दुखणे कोणते?

आजाराहून मोठे दुखणे पुढे येते. माणूस सुधारतो, पण घर आणि गाव त्याला बरा मानीत नाही. त्याच्या हाती कुणी चार पैसे देत नाही. बैल विकायचा तर त्याला कुणी विचारीत नाही. दवाखान्यात बाप बोलतो, भाऊ बोलतो, आणि ज्याला आजार आहे तो बाकावर मुका बसतो. थोडा रागावला तरी लोक म्हणतात, "पुन्हा सुरू झाले." हळूहळू त्यालाही वाटते, आपल्या हाती काहीच नाही.

हे खरे नाही. आजार येण्यापूर्वी काय काय होते, कशाने बरे वाटते, कशाने बिघडते, हे ज्याने भोगले त्याच्याइतके कुणाला ठाऊक असणार?

अमेरिकेत व्हरमाँट नावाचे राज्य आहे. तिथे १९९७ मध्ये मनाचा आजार भोगलेली काही माणसे एकत्र बसली. मेरी एलन कोपलंड या बाई त्यांच्यात होत्या. त्यांनी स्वतः हा आजार सोसला होता. आपण बरे कसे राहतो, हे या मंडळींनी एकमेकांना विचारले आणि त्याची एक रीत बसवली. ती रीत पुढे अनेक देशांत गेली. तिचे सार इतकेच: बरे असताना विचार करा, तो कागदावर उतरवा आणि वाईट दिवशी तो कागद कामी आणा.

वही कशी लिहावी?

समजा, आपल्यासारखाच एक धानकरी भाऊ आहे. दोन वेळा आजारी पडून तो आता सावरला आहे. त्याने दहा रुपयांची वही आणली आणि पाच पाने आखली.

पहिले पान: मी बरा असतो तेव्हा कसा असतो? तो लिहितो, "पहाटे उठतो. बांधीवर चक्कर मारतो. लेकीशी बोलतो. चेष्टा-मस्करी करतो." हे पान कशाला? घरच्यांना कळावे म्हणून. काही माणसे मुळात कमी बोलतात. तो त्यांचा स्वभाव असतो, आजार नव्हे.

दुसरे पान: रोज काय करायचे? वेळेवर गोळी. वेळेवर झोप. दोन वेळचे जेवण. थोडे अंगमेहनतीचे काम. एका तरी माणसाशी मोकळे बोलणे. मोहाच्या दारूपासून दूर राहणे. लिथियम नावाची गोळी चालू असेल तर उन्हाळ्यात पाणी कमी पडू द्यायचे नाही. तेंदूपत्त्याच्या दिवसांत घाम फार जातो. अशा वेळी किंवा जुलाब-उलट्या झाल्यास डॉक्टरांना लगेच विचारावे, कारण अंगातले पाणी घटले की या गोळीचा अपाय होतो.

तिसरे पान: मला कशाने धक्का बसतो? कर्जाचा तगादा. भावकीचे भांडण. पाऊस लांबला आणि पऱ्हे वाळू लागले. दिवाळीनंतरची मंडई सुद्धा. मंडई म्हणजे आनंद, मग धक्का कसला? पण रातभर नाटक पाहायचे, पाहुण्यांत दुसरी रातही जागायची, तर काहींचा आजार झोपमोडीनेच उसळतो. म्हणून हा भाऊ लिहितो, "नाटकाला जाईन, पण पहिला अंक पाहून घरी येईन."

चौथे पान: आजार येतोय याची खूण कोणती? ज्याची खूण त्याला ठाऊक. आपला भाऊ लिहितो, "दोन रात्री झोप नाही. आंघोळ नको वाटते. लोक माझ्याबद्दल कुजबुजतात असे वाटते." खुणेपुढे उपाय लिहायचा: "बायकोला सांगेन. आठ दिवस वाट न पाहता दवाखान्यात जाईन." काही खुणा आपल्याला दिसत नाहीत, घरच्यांना दिसतात. मग घरधनीण म्हणेल, "अजी, दोन राती झाल्या, तुमचा डोळा लागला नाही. चौथे पान पाहता का जी?" यात भांडण नाही, टोमणा नाही. त्याचेच लिहिणे ती त्याला दाखवते.

पाचवे पान: फारच बिघडले तर काय करावे? कुणाला बोलवावे, कुणाला बोलवू नये. कोणते औषध सोसले, कोणते सोसले नाही. बैलांना चारा कोण घालील, लेकरे कुणाकडे राहतील. आणि एक गोष्ट मोठ्या अक्षरांत: जीव नकोसा वाटू लागला तर एकटे राहायचे नाही. फवारणीचे औषध कुलपात ठेवायचे आणि किल्ली दुसऱ्याच्या हाती द्यायची. १४४१६ या नंबरावर फोन करायचा. ही टेलिमानस नावाची सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. फोनला पैसे पडत नाहीत. रात्री-अपरात्री केव्हाही बोलता येते, मराठीतही बोलता येते.

कायदा काय म्हणतो?

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. आजारी माणसाला साखळीने बांधणे या कायद्याने बंद केले आहे. सरकारी सेवेत उपचार मिळणे हा त्याचा हक्क आहे.

याच कायद्याने आपल्या शब्दाला वजन दिले आहे. पुढे आजाराने आपला निर्णय आपल्याला घेता आला नाही, तर उपचार कसा व्हावा आणि कसा होऊ नये, हे आधीच लिहून ठेवता येते. त्याचा ठरलेला नमुना असतो. तो जिल्हा रुग्णालयात विचारावा. मात्र जिवावर बेतले असता तातडीचा उपचार डॉक्टर करतात. तिथे हा कागद आड येत नाही.

आपल्या वतीने बोलणारे माणूसही आपणच नेमू शकतो. ते अठरा वर्षांवरचे असावे. ही नेमणूक साध्या कागदावर होते. खाली सही किंवा अंगठा चालतो. अंगठा चालतो हे खरे, पण आता आपल्याला सही येते. कागदात काय लिहिले ते वाचून मग सही करता येते. हा फरक मोठा आहे.

एकट्याने की मिळून?

वही एकट्याची असली तरी वाट एकट्याची नाही. आपल्याच विदर्भात, अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' नावाचे काम झाले. गावातल्याच माणसांना शिकवून तयार केले. ती घरोघरी जाऊन उदासी आणि दारू यांविषयी बोलू लागली. आधी उदासीच्या शंभर रोग्यांपैकी चारच जण मदत घेत होते. दीड वर्षाने सत्तावीस जण घेऊ लागले. आजार तोच, गाव तेच. बोलायला माणूस मिळाले, म्हणून संकोच सुटला.

पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था आहे. तिच्या स्वमदत गटात आजारी माणसे आणि त्यांचे नातेवाईक एकत्र बसतात. एक जण सांगतो, बाकीचे ऐकतात. ज्याने सोसले त्याचा सल्ला दुसऱ्याला पटतो. असा गट आपल्या गावात चार जणांचाही होऊ शकतो. आशाताईंना विचारावे. त्या साकोलीच्या सरकारी दवाखान्याची वाट दाखवतील.

घरच्यांना दोन शब्द

वही हिसकावू नका. चोरून वाचू नका. त्याने दाखवली तर वाचा. त्याच्या रागाला लगेच आजार म्हणू नका. अन्याय झाला तर शहाण्यालाही राग येतो. त्याला लहानसा व्यवहार द्या. बाजाराचे पैसे द्या, हिशेब त्यालाच लिहू द्या. चुकला तर आपणही चुकतोच की.

आणि वही लिहिणाऱ्याला आम्ही सांगू: वही औषधाच्या जागी नाही, औषधासोबत आहे. ती लिहूनही एखादे वेळी आजार उलटेल. तेव्हा हारलो असे समजू नका. सावरल्यावर वही उघडा, काय कामी आले आणि काय आले नाही ते लिहा. पुराने बांध फुटला म्हणून शेती कुणी सोडत नाही. पाणी ओसरले की तो पुन्हा घालतात, आणि जिथे फुटला तिथे जरा जास्त माती टाकतात.

आता लिहा

१. तुम्ही बरे असता तेव्हा कसे असता? पाच ओळी लिहा.
२. तुमच्या मनाला कशाने धक्का बसतो? तेव्हा तुम्ही काय कराल?
३. अडचणीत तुमच्या वतीने कोणी बोलावे? त्या माणसाचे नाव लिहा, आणि आजच त्याला तसे सांगा.