मैदानावरील सावली : एक भौगोलिक विचार

फुटबॉलच्या मैदानावर सावलीची जागा कोणती, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. पण भूगोलाच्या विद्यार्थ्याने त्याचा विचार करावयास हवा. दुपारनंतरच्या सामन्यात सूर्य पश्चिमेकडे कलतो. तेव्हा पश्चिमेच्या बैठकीत वरच्या रांगांना प्रथम सावली मिळते, आणि पूर्वेकडचा प्रेक्षक ऊन तोंडावर घेतो.

परंतु हा नियम सदासर्वदा लागू पडत नाही. २१ जून १९७० रोजी मेक्सिको शहरातील अझ्तेका मैदानावर ब्राझील-इटली हा विश्वचषकाचा अंतिम सामना दुपारी १२ वाजता सुरू झाला. मुंबईप्रमाणेच ते शहर सुमारे १९ उत्तर अक्षांशावर आहे. त्या दिवशी तेथे मध्यान्हीचा सूर्य माथ्याच्या किंचित उत्तरेस असतो; १ मीटर काठीची सावली जेमतेम ७ सेंटीमीटर पडते. अशा वेळी दिशा निरुपयोगी. डोक्यावर छप्पर असेल तरच सावली.

माझे वडील शाळेत गेले नाहीत; पण बांधावरच्या झाडाची सावली कोणत्या महिन्यात कोठे सरकेल, हे ते अचूक सांगतात. तेच ज्ञान मला पुस्तकात भेटले. सावली पैशाने मिळते हे खरे. पण स्वस्त तिकीट घेणाऱ्यानेही आधी वेळ, मग महिना आणि शेवटी दिशा पाहिली, तर ती त्यालाही पुष्कळदा मिळेल.