रस्त्याकाठच्या ओस वास्तू : छायाचित्रांच्या साहाय्याने परिसर-पाठ
(इयत्ता चौथी व पाचवी)



रस्ता रुंद झाला, सरळ झाला किंवा गावाबाहेरून वळविला गेला, की जुन्या वाटेवरची वर्दळ ओसरते आणि तिच्या काठची माणसे हळूहळू उठून जातात. मागे उरतात त्या वास्तू : दार निखळलेली धर्मशाळा, कोरडी पाणपोई, मातीत अर्धा रुतलेला मैलाचा दगड, छप्पर बसलेले चहाचे दुकान. आपले विद्यार्थी त्यांच्याजवळून रोज शाळेत येतात. परंतु पाठ्यपुस्तकात नाही ते इतिहासातही नाही, असा त्यांचा समज असतो. आज बहुतेक शिक्षकांजवळ छायाचित्र घेणारा फोन आहे. त्याच्या साहाय्याने हा पाठ कसा घ्यावा, याचा येथे विचार करावयाचा आहे.

हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही. खंडाळ्याजवळचा जुना दगडी ‘अमृतांजन पूल’ एप्रिल २०२० मध्ये पाडण्यात आला. तो मोठ्या हमरस्त्यावर होता म्हणून त्याची छायाचित्रे पुष्कळ उरली. आपल्या शिवारातील बारव उद्या रुंदीकरणात बुजली, तर तिचे एकही चित्र कोणापाशी असणार नाही.

अमेरिकेत जॉन मार्गोलिस (१९४०–२०१६) या छायाचित्रकाराने सुमारे चाळीस वर्षे मोटारीने हिंडून, नव्या महामार्गांमुळे मागे पडलेले पेट्रोलपंप, उपाहारगृहे, निवासगृहे आणि दुकानांच्या पाट्या यांची चित्रे घेतली. त्यांतील अकरा हजारांहून अधिक रंगीत चित्रे तेथील काँग्रेस ग्रंथालयात आहेत व ती कोणासही वापरावयास खुली आहेत. ज्यांना विद्वानांनी वास्तू म्हणून मोजले नाही, अशाच वास्तू त्याने निवडल्या, हे मला विशेष वाटते.

पाठाचा आरंभ मैलाच्या दगडाने करावा. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानंतर देशात दशमान पद्धती आली आणि मैलाची जागा किलोमीटरने घेतली. म्हणून ज्या दगडावर मैलांचे आकडे आहेत, तो बहुधा त्या बदलाच्या आधीचा, असे अनुमान मुलांकडूनच काढवून घ्यावे. एक मैल म्हणजे सुमारे १.६०९ किलोमीटर. दगडावर ३२ असेल, तर ते अंतर सुमारे ५१.५ किलोमीटर भरते. नव्या दगडावरील आकड्याशी ते जुळते काय? न जुळल्यास रस्ता कोठे वळला असावा? एवढ्या प्रश्नांवर गणिताचा एक तास सहज निघतो.

अक्षरे झिजलेली असतात. ती स्पष्ट दिसावीत म्हणून त्यांत खडू किंवा रंग भरू नये. सकाळी लवकर अथवा दिवस कलल्यावर उन्हाची तिरीप दगडावर आडवी पडते, तेव्हा खोदलेल्या अक्षरांत सावली साचते आणि ती आपोआप उठून दिसतात. भर दुपारी तोच दगड सपाट दिसेल. दोन्ही वेळी चित्र घेऊन मुलांसमोर ठेवावे. प्रकाशाविषयी निराळे व्याख्यान देण्याची गरज उरत नाही. संपूर्ण इमारतीचे चित्र मात्र ढगाळ दिवशी घ्यावे. जर्मनीतील बेर्न्ड व हिला बेखर या दांपत्याने पाण्याचे मनोरे, भट्ट्या इत्यादी जुन्या औद्योगिक वास्तूंची चित्रे अशाच मंद, सावली न पाडणाऱ्या प्रकाशात आणि समोरून घेतली. त्यामुळे एका वास्तूची दुसरीशी तुलना करता येते.

प्रत्येक वास्तूची तीन चित्रे पुरेत : दुरून रस्त्यासह, समोरून संपूर्ण, आणि जवळून एखाद्या तपशिलाचे. जवळच्या चित्रात शाळेतली फूटपट्टी ठेवावी, म्हणजे माप कळते. चित्र घेताना तेथील वस्तू हलवू नये. पडलेले कौल पडलेलेच राहू द्यावे. तारीख, वेळ, दिशा आणि उभे राहण्याची जागा (अमक्या वडापासून इतकी पावले) वहीत नोंदवावी, म्हणजे पुढील वर्षी त्याच जागेवरून पुन्हा चित्र घेता येईल. फोन हरवतो, बिघडतो. म्हणून निवडक चित्रे छापून शाळेच्या नोंदवहीत चिकटवावीत.

मुलांना ओस इमारतीच्या आत मुळीच नेऊ नये. भिंती खचलेल्या असतात, कोपऱ्यांत साप-विंचू असतात, बारवेचा कठडा ढासळलेला असतो. चित्र बाहेरूनच घ्यावे, वाहत्या रस्त्याच्या कडेला मुलांची रांग लावू नये, आणि मालक असेल तर त्याची अनुमती आधी घ्यावी.

आणखी एक गोष्ट, जी मला या सर्वांहून नाजूक वाटते. बाह्यवळणामुळे बंद पडलेले ते चहाचे दुकान आपल्याच वर्गातील एखाद्या मुलाच्या घरचे असू शकते. इतरांना ते मोडके छप्पर गमतीचे वाटेल. त्याला ते आजोबांचे दुकान आहे. म्हणून पाठापूर्वी त्या घरी जाऊन यावे. घरच्यांची इच्छा नसेल, तर ते चित्र घेऊ नये. इच्छा असेल, तर आजोबांनाच शाळेत बोलवावे : रोज किती दूध लागे, कोणत्या गाड्या थांबत, शेवटचे गिऱ्हाईक कधी आले, हे मुलांनी विचारावे आणि उत्तरे चित्राखाली त्यांच्याच शब्दांत लिहावीत. त्या दिवशी चित्राचा फोन त्या मुलाच्या हाती द्यावा.