रंगावरील कवच

भिंतीवर टांगलेल्या चित्रास धूळ व ऊन यांपासून जपले म्हणजे पुरते. परंतु जी वस्तू रोज हाताळली जाते, दुसऱ्या वस्तूवर घासते आणि घामेजल्या बोटांत तासन्‌तास राहते, तिच्यावरील चित्राची गोष्ट निराळी. तेथे चितारण्याइतकेच चित्र झाकण्याचे कौशल्यही महत्त्वाचे ठरते. सावंतवाडीची गंजिफाची पाने हे याचे उत्तम उदाहरण होय.

हा खेळ आपल्याकडे बराच जुना आहे. बाबराने 1527 मध्ये सिंधमधील शाह हसन याजकडे गंजिफा पाठविल्याची नोंद ‘बाबरनामा’त सापडते. मोगल गंजिफात आठ रंग व 96 पाने असत. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग असतात आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान व एक्क्यापासून दश्शीपर्यंतची दहा, अशी एकूण 120 पाने होतात. (येथे ‘रंग’ म्हणजे इस्पिक-बदामासारखा गट, हे वाचकाने ध्यानात ठेवावे.) पाने वाटोळी असून हातानेच रंगविली जातात. मात्र खेळात पानाची पाठ प्रतिस्पर्ध्याकडे असते. एखाद्या पाठीवर रोगणाचा ओघळ राहिला, किंवा एका पानास दुसऱ्याहून जाड थर बसला, तर चाणाक्ष खेळाडू ते पान न पाहताच ओळखील. म्हणजे रोगण लावण्यातील चूक ही केवळ सौंदर्याची चूक राहत नाही, ती खेळच नासविते.

जुन्या पद्धतीत पानाचा पाया कापडाचा असे. चिंचोक्यांच्या खळीने कापडाचे थर एकमेकांवर चिकटवून, वाळवून त्यांच्या चकत्या कापीत. त्यावर खडूच्या भुकटीचे अस्तर देऊन ते गुळगुळीत दगडाने घोटीत. हे घोटणे कंटाळवाणे खरे, पण ते टाळता येत नाही. अस्तर खरबरीत राहिले तर कुंचल्याची रेघ फुटते. शिवाय खळग्यांत रोगण अधिक मुरते आणि उंचवट्यांवर पातळ राहते. पायावरील दोष वरच्या थराने झाकला जातो हा समज चुकीचा आहे. चकाकणाऱ्या थराखाली तो उलट अधिक उठून दिसतो.

रंग भरताना तो पाण्यात कालवून, गोंदासारख्या बंधकाने बांधलेला असला, तर त्यावर द्यावयाचे रोगण पाण्याचे असून चालत नाही. चित्र तत्काळ विरघळून पसरेल. येथे लाख कामी येते. लाख हा किड्यांपासून मिळणारा रेझिनयुक्त पदार्थ आहे. ती पाण्यात विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळते. आणि स्पिरिटमध्ये गोंद विरघळत नाही. त्यामुळे चपडी लाखेचे पातळ द्रावण चित्रावरून फिरविले, तरी खालची रेघ जागची हलत नाही. रंगाचा द्रावक एक आणि कवचाचा दुसरा, यातच या युक्तीचे मर्म आहे.

तरीही घाई बाधते. एकच जाड थर देण्यापेक्षा अनेक पातळ थर, प्रत्येक पूर्ण सुकल्यावर, देणे इष्ट. कोकणच्या पावसाळ्यात हे विशेष जपावे लागते. स्पिरिट उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतील पाणी त्यावर जमते आणि थर दुधाळ दिसू लागतो. रंग आतून ओला राहिला असेल, तर कालांतराने वरचा थर उकलण्याची भीती असते.

बेंगळुरू-म्हैसूर मार्गावरील चन्नपट्टणच्या खेळण्यांत लाखेचीच, पण निराळी रीत दिसते. तेथे रंगीत लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबतात. घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून लाकडास बसते आणि मग केवड्याच्या जातीच्या पानाने तिला झिलई देतात. येथे रंग आणि कवच एकच असल्यामुळे द्रावकाचा प्रश्नच उद्भवत नाही. मात्र या रीतीने बारीक आकृती काढता येत नाहीत.

लाखेला मर्यादाही आहेत. पाण्याचा थेंब बराच वेळ राहिला तर तिच्यावर पांढरा डाग पडतो. म्हणून समुद्राच्या लाटांवर स्वार होण्याच्या फळीवर काढलेल्या चित्रास ती निरुपयोगी होय. कर्नाटकाच्या किनाऱ्यावर मुल्की येथे 2004 पासून या खेळाचे केंद्र आहे. अशा फळीचा गाभा कृत्रिम फेसाचा व वरचे आवरण काचतंतू आणि कृत्रिम राळ यांचे असते. या आवरणावर चित्र काढावयाचे तर प्रथम ते घासून त्याची चमक मोडतात, पाण्यात कालविलेल्या अ‍ॅक्रिलिक रंगाचे पातळ थर देतात आणि ते वाळल्यावर पारदर्शक राळेने झाकतात. राळेची निवडही चुकवून चालत नाही: पॉलिस्टर राळ पॉलिस्टायरीनच्या फेसास विरघळविते, तेथे इपॉक्सीच वापरावी लागते. गडद रंग ऊन शोषून तापतो, त्यामुळे आवरण गाभ्यापासून सुटण्याचा धोका वाढतो.

सावंतवाडीत हे ज्ञान एकेकाळी एका वृद्ध कारागिराच्या हाती उरले होते. त्यांचे नाव पुंडलिक चितारी. संस्थानच्या राजघराण्यातील शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनी ही कला त्यांच्याकडून शिकून घेतली आणि 1971 च्या सुमारास तिच्यासाठी कार्यशाळा उभारली. पुढे कापडाची जागा बहुधा जाड कागदाने घेतली. राजवाड्याच्या दरबार सभागृहात बसून कारागीर पाने रंगवू लागले, आणि वाडा पाहावयास आलेल्यांना ते काम जवळून पाहता येऊ लागले.