गडावरची लेकरं

अमरावती

चि. सोनू,

चौथीच्या पोरांना इंग्रजांच्या लढाईतली कत्तल सांगावी की गाळावी, असं तू विचारलंस. गाळू नकोस. तुझ्या शाळेजवळच्या आडगावच्या रानात २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीने नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा मोड केला, आणि १५ डिसेंबरला डोंगरावरचा गाविलगड पडला. ज्या डोंगराकडे पोरं रोज बघतात, त्याची गोष्ट त्यांना तुझ्या तोंडून कळावी.

पण माझी चूक करू नकोस. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी गाविलगड अगदी रंगवून सांगितला. दरवाज्यापाशी प्रेतांचा ढीग, त्यातच सापडलेला किल्लेदार बेनीसिंग. पोरं डोळे विस्फारून ऐकत होती, मला वाटलं तास रंगला. तिसऱ्या दिवशी एक आई शाळेत आली. लेक रात्री दचकून उठत होता, अंथरूण ओलं करत होता. आठवलं की अजून लाज वाटते.

पुढच्या वर्षी सहल चिखलदऱ्याला नेली. तिथं गाविलगडावर आधी तलाव दाखवला. इथं माणसं राहायची, इथून पाणी भरायची. मग उत्तरेकडचा तट. इंग्रजांच्या बाजूच्या स्टीव्हनसनच्या फौजेने डोंगरवाटेने तोफा ओढत त्या बाजूला आणल्या आणि तटाला खिंडार पाडलं. शेवटी, गडावरचे पुष्कळ लोक मारले गेले, एवढंच. एका पोरीने दगडावर हात ठेवून विचारलं, "गुरुजी, मंग गडावरच्या लेकरायचं काय झालं?" मी म्हणालो, मला ठाऊक नाही बेटा. बराच वेळ तिने हात काढला नाही.

तुलाही ठाऊक नसेल तिथे तसंच सांग. आकडे फुगवू नकोस.

आणि वेलस्लीच्या फौजेत मद्रासकडचे देशी शिपाई हजारोंनी होते, हे सांगितल्याशिवाय तास संपवू नकोस. नाहीतर मधल्या सुट्टीत घाऱ्या डोळ्यांचं एखादं पोरगं 'इंग्रज' ठरतं आणि मार खातं, मी पाहिलंय. पोटासाठी पलटणीत गेलेला माणूस कुणावर बंदूक चालवतो, हे नऊ वर्षांच्या पोरालाही समजतं. त्याच्या घरचंही कुणीतरी पोटासाठी पुण्या-सुरतेला गेलेलं असतं.

चित्र काढायला लावशील तर लढाईचं नको, तलावाचं लाव.

डिसेंबरात सहल काढलीस तर कळव. पोरांना स्वेटर आणायला सांग, वर थंडी फार. गुडघे दुखतात, तरी गडाच्या दिल्ली दरवाज्यापर्यंत मी येईन.

तुझा मामा