घरचा गोठा, घरच्या हातांनी



आगमनकाळ सुरू झाला की घराघरांत एक प्रश्न ऐकू येतो, "यंदा गोठा कुठून आणायचा?" पूर्वी आपण गोठा 'करीत' होतो, आता तो 'आणतो'. एका क्रियापदाच्या या बदलात आपण काय गमावले, याचा आज थोडा विचार करू या.

आसिसीच्या संत फ्रान्सिसने 1223 साली इटलीतील ग्रेच्चो गावी नाताळच्या रात्री बाळ येशूच्या जन्माचा देखावा उभा केला. त्यात काय होते? एक गव्हाण, थोडे गवत, एक बैल आणि एक गाढव. सारे त्या परिसरातच सहज मिळणारे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 1 डिसेंबर 2019 रोजी त्याच गावी गोठ्याविषयी एक पत्र प्रसिद्ध केले. गोठा कसा मांडला याला महत्त्व नाही, तो आपल्या जीवनाशी बोलतो की नाही हे महत्त्वाचे, असा त्या पत्राचा आशय आहे.

ॲरिस्टॉटल या तत्त्वज्ञाने हाताला 'हत्यारांचे हत्यार' म्हटले आहे. हात आणि बुद्धी यांची जोडी आहे. मुलांचे हात फक्त मोबाइलच्या पडद्यावर फिरत राहिले, तर ही जोडी अर्धीच वाढते. म्हणून यंदा पुढील तीन कामे घरी करून पाहा. खर्च अगदी थोडा आहे.

1. हिरवे शेत : मूठभर गहू रात्रभर भिजवा. नारळाच्या करवंट्यांत माती भरून 14 डिसेंबरच्या सुमारास ते पेरा. रोज थोडेच पाणी शिंपडा. नाताळपर्यंत हिरवेगार शेत तयार होईल. पाणी घालण्याचे काम घरातल्या सर्वांत लहान मुलाकडे द्या.

2. कागदाच्या मूर्ती : दोन जुन्या वर्तमानपत्रांचे बारीक तुकडे करून रात्रभर पाण्यात भिजत घाला. सकाळी चांगले कुटून पाणी पिळून काढा. मैद्याची शिजवलेली खळ चिमूटभर मीठ घालून त्यात मिसळा व घट्ट मळा. या लगद्याच्या वीतभर उंचीच्या मूर्ती करून चार-पाच दिवस उन्हात वाळवा. रंगासाठी गेरू आणि हळद पुरे. हळदीच्या पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाकला की ते तांबडे होते, ही गंमत मुलांना जरूर दाखवा. मूर्तींसाठी पुठ्ठ्याच्या खोक्याचा गोठा करून वर पेंढा किंवा सुकी झावळी घाला. थर्मोकोल नको. सजावटीसाठी त्याच्या वापरावर महाराष्ट्रात 2018 पासून बंदी आहे.

3. तारा : खराट्याचे जाड, फूटभर लांबीचे दहा हीर घ्या. पाच हीर एकमेकांवरून नेऊन टोके दोऱ्याने बांधली की पाच टोकांचा एक तारा होतो. असे दोन तारे करा. एकावर एक ठेवून त्यांची पाचही टोके बांधा. मग आतल्या पाच कोपऱ्यांत तीन-तीन इंचांचे तुकडे उभे बसवा. तारा मधोमध फुगेल. त्यावर पतंगाचा कागद चिकटवा. आत एलईडीचा लहान दिवा सोडा. मेणबत्ती नको, कागद पेट घेईल.

आता पालकांना एक विनंती. मुलाने केलेला मेंढा कुत्र्यासारखा दिसला, तरी रात्री गुपचूप तो 'नीट' करू नका. मूल सकाळी पाहील तेव्हा त्याला एवढेच कळेल की आपले काम पुरेसे चांगले नव्हते. तो मेंढा तसाच गव्हाणीजवळ ठेवा. पहिल्या नाताळला आलेले मेंढपाळही साधेच होते. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना फक्त पाहायला बसवू नका, त्यांच्याकडेही काम द्या. हीर सोलणे, गाठ मारणे, झावळी विणणे हे त्यांच्या हातांना ठाऊक आहे, आणि ते शिकून घ्यायला आपल्याकडे कायमचा वेळ नाही.

आणखी एक. शेजारच्या विकतच्या गोठ्याशी आपल्या गोठ्याची तुलना करू नका, आणि त्यासाठी उसने पैसे तर मुळीच घेऊ नका. ज्याला जन्मताना गव्हाणीत निजावे लागले, त्याच्या नावाने एखाद्या गरिबाच्या घरी कमीपणा वाटावा, यासारखी उलटी गोष्ट दुसरी नाही.

कुटुंबात चर्चेसाठी :
• आपल्या घरातील कोणते हस्तकौशल्य पुढच्या पिढीला शिकवायचे राहून गेले आहे?
• या आठवड्यात कोणत्या संध्याकाळी टीव्ही बंद ठेवून आपण सर्व जण एकत्र कामाला बसू शकू?
• आपल्या आळीत एकटे राहणारे कोण आहे? एक तारा त्यांच्या दारासाठी करता येईल का?

आपला,
धर्मगुरू