वडगाव बुद्रुकचा लॅपटॉप वडगाव शेरीला

मुलीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आणि लॅपटॉप घ्यायचं ठरलं. दुकानापेक्षा ऑनलाइन बराच स्वस्त पडत होता, म्हणून तिथून मागवला. आधी तो गोदामातून निघेना. निघाला तो भलत्याच दारात जाऊन पडला. आमच्या हाती येईपर्यंत कुरिअरचा धंदा, ग्राहक कायदा आणि खोकं उघडण्याची रीत या तिन्ही विषयांत माझी बऱ्यापैकी तयारी झाली होती. ज्यांना असं काही मागवायचं आहे त्यांच्यासाठी ती इथे उतरवून ठेवतो.

१. पार्सल शेवटी कुठल्या हबला उतरलं ते बघा.

पुणेकरांना दोन वडगावं चांगली ठाऊक असतात. सिंहगड रस्त्यावरचं वडगाव बुद्रुक, पिनकोड ४११०४१. नगर रस्त्याकडचं वडगाव शेरी, पिनकोड ४११०१४. शेवटचे दोन आकडे उलटे झाले की वस्तू शहराच्या दुसऱ्या टोकाला जाते. आम्ही दिलेला पत्ता बरोबर होता, ऑर्डरच्या पानावर तो अजूनही तसाच दिसतो. मधल्या कुठल्यातरी टप्प्यावर लेबल पुन्हा छापलं गेलं आणि आकडे फिरले.

पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली, ती श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून. केंद्राच्या दळणवळण खात्यातले अधिकारी आणि संस्कृतातले कवी. एकाच नावाची गावं, निरनिराळ्या लिप्यांतले पत्ते आणि वाचता न येणारी अक्षरं यांवर त्यांनी सहा आकड्यांचा उतारा काढला. पहिला आकडा विभागाचा. महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांचा ४. शेवटचे तीन थेट टपाल कार्यालयाचे. त्यामुळे गफलत शेवटच्या तिघांत झाली तर पार्सल पुण्यापर्यंत अगदी शहाण्यासारखं येतं आणि ट्रॅकिंगवर संशय घ्यावा असं काहीच दिसत नाही. दिसतं ते फक्त शेवटच्या हबचं नाव. ते आपल्या भागातलं नसेल तर पार्सल तिथून बाहेर पडण्याआधी फोन करायचा. एकदा ते कुणाच्या पिशवीत गेलं की संध्याकाळपर्यंत काही हलत नाही.

२. ‘शिप्ड’ दिसलं म्हणून माल निघाला असं धरू नका. पुष्कळदा तेव्हा फक्त लेबल तयार झालेलं असतं आणि खोकं गोदामातच असतं. कुरिअरवाल्याने उचलल्याची नोंद वेगळी येते. ऑर्डर रद्द करायची तर ती त्या नोंदीच्या आधी करा. नंतर रद्द केली तर खोकं परत विक्रेत्याकडे पोचेपर्यंत बहुधा पैसे अडकून राहतात. दसरा-दिवाळीच्या सेलमध्ये हे सगळं दुप्पट लांबतं, त्यामुळे कॉलेज सुरू होण्याच्या तोंडावर सेलची वाट बघत बसण्यात अर्थ नाही.

काही उशीर मात्र भांडण्याजोगे नसतात. चिपळूणच्या मेहुण्यांचा संगणक जुलै २०२१ च्या पुरात वाटेत अडकला होता. तेव्हा ते म्हणाले, “आला असता तर तोही बुडाला असता.”

३. डिलिव्हरी करणाऱ्या मुलावर चिडू नका.

हे चांगुलपणासाठी सांगत नाही, त्यात आपलाच फायदा आहे. त्याला बहुतेक वेळा पार्सलमागे पैसे मिळतात आणि संध्याकाळी हबवर प्रत्येक खोक्याचा हिशेब द्यावा लागतो. ‘ग्राहक उपलब्ध नाही’ असा शेरा पडतो तो या हिशेबापोटी. आपण घरात बसून दाराकडे डोळे लावलेले असतो आणि फोनवर तो शेरा येतो, तेव्हा डोकं फिरतं हे कबूल. पण कॉल सेंटरवरची व्यक्ती फक्त पडद्यावरचं वाचून दाखवते. खोकं प्रत्यक्ष पाहिलेला माणूस एकच, तो हा मुलगा.

आमच्या भागात येणारा मुलगा मूळचा जालन्याचा, दिवसा पार्सलं वाटतो आणि रात्री स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. त्याला लेबलाचा फोटो दाखवला तर म्हणाला, “काका, हे आमच्या हबचं नाहीच. शेरीच्या हबला विचारा, सकाळी आठच्या आत. नंतर तिथे कुणी फोन उचलत नाही.” कंपनीच्या मदत केंद्राकडून मला याच्या निम्मीही माहिती मिळाली नव्हती.

त्याच्याशी गोड बोलावं, ओटीपी मात्र खोकं हातात आल्याशिवाय सांगू नये. “गेटवर आहे, पटकन सांगा” असं कुणी म्हणालं तर खाली उतरावं.

४. फोनवर ‘डिलिव्हर्ड’ आलं आणि घरात काहीच आलेलं नसेल, तर “माझं पार्सल कुठे आहे?” हा प्रश्न विचारू नका. त्याचं उत्तर ठरलेलं असतं: “सर, सिस्टीममध्ये डिलिव्हर्ड दाखवतंय.” त्याऐवजी डिलिव्हरीचा पुरावा मागा, आणि तो लेखी मागा. कुणी घेतलं, सही कुणाची, फोटो आहे का, ओटीपी कुठल्या नंबरवर गेला, नोंद केली तेव्हा मुलाचा फोन कुठल्या ठिकाणी होता. यातलं सगळं मिळत नाही, पण मागितल्यावर तक्रार वरच्या टेबलावर सरकते.

आम्हाला एक सही मिळाली, ‘सिक्युरिटी’ अशी, आणि एक फोटो. त्यात आमचं खोकं, शेजारी पाण्याचा जार आणि वर आमच्याच सोसायटीचं नाव असलेली पाटी. फक्त पाटी निळी. आमची पाटी पिवळी आहे. बायकोने फोटो बघताक्षणी सांगितलं, “ही आपली नाही.” सोसायट्यांना तीच ती नावं ठेवणाऱ्या बिल्डरांना यासाठी काही तरी दंड असायला हवा. लॅपटॉप तिथल्या वॉचमनच्या केबिनमध्ये सुखरूप होता. ज्याचं आहे तो येऊन नेईल असं त्यांनी धरलं होतं, त्यांचंही काही चुकलं नव्हतं.

५. खोटी नोंद पडली की बदलून घेण्याची मुदत त्याच तारखेपासून चालू होते. लॅपटॉपला ही मुदत आधीच तोकडी असते, त्यातही बऱ्याचदा पैसे परत मिळत नाहीत, फक्त वस्तू बदलून मिळते. म्हणून वस्तू मिळाली नाही ही तक्रार त्याच दिवशी नोंदवा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. फोनवर बोलणं झालं तरी वर एक ईमेल टाका. फोनवरच्या आश्वासनाला पुढे कुणी विचारत नाही.

६. हप्त्यावर घेतला असेल तर माल येवो न येवो, हप्ता कापला जातो. रागाने तो थांबवू नये, क्रेडिट स्कोअर आपला बिघडतो. कार्डाने पैसे भरले असतील तर बँकेला लेखी कळवून चार्जबॅक मागता येतो, पण त्यालाही मुदत असते. म्हणून महाग वस्तू मी कार्डानेच घेतो.

७. कायदा वाटतो त्याहून आपल्या बाजूचा आहे.

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे प्रत्येक कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचं नाव व संपर्क सर्वांना दिसेल असा द्यावा लागतो. तक्रार आल्यावर ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल, हे त्याच्यावर बंधन आहे. सांगितलेल्या तारखेनंतर आलेली वस्तू परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. अपवाद नैसर्गिक आपत्तीसारख्या, त्याच्या हाताबाहेरच्या कारणाचा. हा अधिकारी संकेतस्थळाच्या तळाशी बारीक अक्षरांत सापडतो. मी त्याला लिहिलं, त्यात नियमाचा उल्लेख केला, आणि तोवर दर वेळी नव्या माणसाला नव्याने सांगावी लागणारी कथा तिथे थांबली.

त्यापुढे १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. तिथेही जमलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यापासून आपण राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. कंपनीचं कार्यालय बंगळुरूला असलं म्हणून तिकडे जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लागत नाही, अर्ज ऑनलाइन भरता येतो. १९७४ मध्ये याच पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं, तेव्हा ग्राहकासाठी वेगळा कायदाही नव्हता. तो १९८६ मध्ये आला.

८. खोकं घरी आलं की मुलांना आधी लांब बसवा. बाहेरून टेप, कोपरे आणि लेबल बघा. लेबलावर वजन छापलेलं असेल तर घरच्या वजनकाट्यावर ताडून बघा. मग व्हिडिओ चालू करा. लेबलापासून लॅपटॉप सुरू होईपर्यंत तो मध्ये कुठेही तोडू नका, नंतर वाद झाला तर कंपनी पहिल्यांदा तोच मागते. सीरियल नंबर खोक्यावर, लॅपटॉपच्या तळाशी आणि बायोसमध्ये असा तीन ठिकाणी बघा. बिलावर असेल तर तिथेही. हे सगळे जुळले तर वस्तू तीच. मग रॅम आणि स्टोरेज तपासा. एका मित्राला सोळा जीबीचे पैसे भरून आठ जीबीचा आला होता. ते त्याला दिवाळीनंतर कळलं, तोवर मुदत संपलेली. हे होईपर्यंत कुठल्याही खात्यात लॉगिन करू नका. सुरू करून वापरलेलं मशीन परत घेताना विक्रेते खळखळ करतात. खोकं आणि आतलं थर्माकोलसुद्धा मुदत संपेपर्यंत माळ्यावर राहू द्या.

९. सीरियल नंबर बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटी कधीपासून धरली आहे ते बघा. बऱ्याचदा ती कारखान्यातून किंवा वितरकाकडून निघाल्याच्या तारखेपासून दिसते. आमची खरेदीच्या कितीतरी आधीपासून चालू होती. बिलाची प्रत पाठवली की तारीख दुरुस्त होते. आमची झाली, पण त्यांनी बिल दोनदा मागितलं. दुसऱ्या वेळी मी वर तक्रार क्रमांकही घातला.