घर घ्यायचं तर आषाढात बघ

छत्रपती संभाजीनगर
२ फेब्रुवारी

चि. निखिल यास,


तू पाठवलेले फोटो पाहिले. गुहागरचा किनारा, सुरूचं बन, एजंटानं दाखवलेला बारा गुंठ्यांचा तुकडा आणि त्यावर उभी असलेली पल्लवी. सगळे डिसेंबरातले. डिसेंबरात कोकण कुणालाही आवडतं, त्यात तुझा दोष नाही. काका म्हणाले, "तुझ्या माहेरचा मामला आहे, तूच लिही." फोनवर तू मध्येमध्ये बोलतोस, आणि मला हे सलग सांगायचं आहे.

पहिलंच सांगून टाकते. वर्षातले निदान चार महिने, तेही पावसाळा धरून, तिथं राहणार असशील तर घर घे. कुलूप लावून ठेवायचं असेल तर घेऊ नकोस. बाकी पत्र म्हणजे याचाच खुलासा.

गुहागरला फिरलास तेव्हा जुनी घरं नीट पाहिलीस का? रस्त्याच्या समुद्राकडच्या अंगाला जी घरं आहेत, त्यांचीही ओटी रस्त्याकडे. घरामागे विहीर, मग नारळी-पोफळीचं आगर, आगराच्या टोकाला बेडं, त्यापलीकडे सुरू आणि मग वाळू. पिढ्यान्‌पिढ्या समुद्राशेजारी राहिलेल्या माणसांनी समुद्राकडे पाठ करून घरं बांधली. त्यांना सौंदर्य कळत नव्हतं असं नाही. मृग लागला की वारा समुद्राकडून येतो, पाऊस आडवा येतो, आणि त्या वाऱ्यात मीठ असतं. त्याच्या आणि घराच्या मध्ये आगर उभं केलं की निम्मा मार झाडं खातात. तुझा एजंट जिला 'सी फेसिंग' म्हणून जास्त भाव लावतो आहे, ती बाजू आमच्याकडे झापं बांधून झाकायची असते.

आता घर कशाचं बांधायचं. तू आरसीसीचा सांगाडा, मोठ्या काचा, गच्ची असं काहीबाही लिहिलं आहेस. संभाजीनगरात गच्ची ठीक. इथं वर्षाला सातशे मिलीमीटरच्या आसपास पाऊस, उन्हाळ्यात गच्चीवर झोपायची आपली रीत. तिथं तीन हजारांच्या वर पडतो. सपाट स्लॅब गळतोच, आणि दोन-चार वर्षांत लोक त्यावर पत्र्याची शेड घालतात. गुहागर ते मालवण कुठंही मान वर करून बघ. सळईचं दुखणं त्याहून वाईट. मीठ काँक्रीटच्या आत झिरपतं, सळई गंजते, गंजली की फुगते, आणि फुगली की काँक्रीट आतून फोडते. बाहेरून रंग लावत बसलास तरी आत ते चालूच असतं. जांभ्याचे चिरे, उंच जोतं, उतरतं कौलारू छप्पर आणि भिंती झाकतील एवढ्या लांब पागोळ्या, यापेक्षा शहाणं काही त्या हवेसाठी अजून निघालेलं नाही. पण कौलारू घराला माणूस लागतो. दरवर्षी आगोटीच्या आधी वर चढून फुटकी कौलं बदलायची, पन्हळी साफ करायच्या, लाकडाला तेल द्यायचं. पावसात घरात चूल पेटली, दारं उघडली-मिटली, तर भिंती सुकतात. बंद ठेवलं तर बुरशी, मग वाळवी, मग एका ऑगस्टात वासा बसतो. तुझ्या त्या तुकड्याच्या आजूबाजूला किती घरांना कुलूप होतं ते तू लिहिलं नाहीस. मला माहीत आहे. मालक मुंबईला, गणपतीला चार दिवस येतात. त्यात आता घाटावरचे लोक भर घालायला लागले आहेत.

वादळाचं मी घाबरवण्यासाठी सांगत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला जमिनीवर आलं. दापोली-मंडणगडकडच्या किनाऱ्यावर उभी आगरं आडवी झाली आणि कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. छप्पर महिन्याभरात पुन्हा घालता येतं. पोफळ लावल्यापासून फळाला यायला सहा-सात वर्षं जातात. ज्यांचं पोट आगरावर होतं त्यांनी तेवढी वर्षं काय करायचं? तुझं पोट लॅपटॉपवर आहे, म्हणून तुझा प्रश्न लहान, पण आहे. वीज गेली की नेट गेलं. 'तारेवर झाड पडलं' हे कारण तुझ्या कंपनीला एका जुलैत किती वेळा चालेल, ते साहेबाला आधी विचारून घे.

कागदांवर मी जरा जास्त लिहिणार आहे. तुला कंटाळा येईल तरी वाच.

एक म्हणजे, शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. तिकडे १९४८ चा कुळकायदा, आपल्या मराठवाड्यात हैदराबादचा १९५० चा, दोन्हींत हेच. वैजापूरच्या शेतावर तुझं नाव लागलेलं आहे म्हणून तू पात्र आहेस. पल्लवीचं नाव खरेदीखतात घालायचं म्हणतोस, तर तिचं शेतकरी असणं वेगळं सिद्ध करावं लागेल का, हे वकिलाला विचार. बारा गुंठे मोठ्या गटातून तोडून देत असतील तर तुकडेबंदी आडवी येते. तो कायदा १९४७ चा. अलीकडे सवलती झाल्या आहेत, पण सरसकट नाहीत.

दुसरं, सातबाऱ्यावर नावं किती? तुझा एजंट म्हणाला ना, "बाकीचे हिस्सेदार मुंबईला आहेत, सह्या आणून देतो"? तिथंच थांब. कोकणातला सातबारा म्हणजे अख्खा कुळवृत्तान्त असतो. पणजोबाच्या नावाखाली चार मुलगे, त्यांची मुलं, त्यांच्या मुली, त्यातल्या कुणाच्या वारसाची नोंद झालेली, कुणाची राहिलेली. माहेरच्या आमच्या आगरावर माझंही नाव आहे. मुलींना विचारतं कोण, असं पूर्वी चालायचं. २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मानं हक्क मिळाला, आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वडील तेव्हा हयात होते की नव्हते हा वादही संपवला. म्हणजे सोलापूरला, बडोद्याला, अमेरिकेत दिलेली एखादी आत्या तुझ्या खरेदीनंतर उभी राहिली तर ती बरोबर असेल आणि तू चूक. प्रत्येकाची सही किंवा नोंदलेलं हक्कसोडपत्र, याखेरीज पुढे जायचं नाही.

तिसरं, इतर हक्काचा रकाना. खोती १९४९ च्या कायद्यानं गेली, आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाला कसणारी कुळं मालक मानली गेली. पण प्रत्यक्षात कुणाची किंमत ठरली, कुणाचं ३२-म चं प्रमाणपत्र निघालं, कुणाचं नाव नुसतंच त्या रकान्यात पडून राहिलं. कुळाच्या नात्यानं मिळालेल्या जमिनीच्या विक्रीवर अटी असतात, त्या पाळल्याशिवाय झालेला व्यवहार टिकत नाही. म्हणून आजचा सातबारा पुरत नाही. जुने फेरफार मागव, निदान १९५० च्या दशकापासूनचे. ते वाचायला तिथलाच एखादा निवृत्त तलाठी गाठ आणि त्याची फी आनंदानं दे.

आणि चौथं सीआरझेडचं, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राचं, ज्यावर तू फक्त एक ओळ लिहिलीस: "तो म्हणतो, नंतर रेग्युलराइज होतं." हे वाक्य आपल्या शहरात वाढलेल्या माणसाला खरं वाटतं, कारण आपण तसं घडताना पाहिलं आहे. गुंठेवारीत अर्धं शहर बॉण्डपेपरवर घरं घेऊन बसलं, २००१ चा कायदा आला, पुढे २०२१ च्या दुरुस्तीनं २०२० अखेरपर्यंतची बांधकामंही त्यात घेतली, आणि लोकांनी शुल्क भरून घरं नियमित करून घेतली. किनाऱ्यावर ही आशा धरू नकोस. तिथं नियम दिल्लीचे, पर्यावरण कायद्याखालचे. भरतीरेषेपासून पाचशे मीटरपर्यंत सीआरझेड. ग्रामीण किनाऱ्यावर २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त वस्ती असेल तर पहिले पन्नास मीटर, नाहीतर पहिले दोनशे मीटर नवं बांधकाम नाही. खाडीचा काठही यातून सुटत नाही. ८ मार्च २०१९ ला अलिबागजवळ किहीमला नीरव मोदीचा बंगला सुरुंग लावून पाडला. केरळात मरडूला जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या हुकुमानं फ्लॅटच्या उंच इमारती दोन दिवसांत जमीनदोस्त झाल्या. त्यात राहणाऱ्यांनी रीतसर पैसे मोजले होते. पैसे मोजणं आणि हक्क मिळणं यात तिथं फार अंतर आहे. तुझ्या तुकड्यावरून भरतीरेषा किती मीटरवर पडते ते मोजणीच्या कागदावर दाखव म्हणावं, पावलांनी मोजून नको.

पाण्याचं तू लिहिलंस, "एवढा पाऊस, आपल्यासारखी बोंब नसेल." आपल्याकडे नळाला किती दिवसांनी पाणी येतं ते सगळ्या महाराष्ट्राला माहीत झालं आहे, तेव्हा तुझा मोह समजतो. पण जांभा पाणी धरत नाही, पाऊस तासाभरात समुद्राला मिळतो, आणि मे महिन्यात कोकणातल्या कित्येक वाड्यांना टँकर लागतो. किनाऱ्यालगतच्या विहिरीतून जास्त उपसा झाला की पाणी मचूळ होतं. शेजारी पोहण्याचा तलाव असलेलं रिसॉर्ट असेल तर विहिरीचं पाणी मेअखेरीस स्वतः चाखून बघ.

भाड्यानं देऊन घर स्वतःचा खर्च काढेल, हा हिशेब मी पाहिला. दिवाळी, नाताळ, मे. त्या दिवसांत सगळ्यांच्याच खोल्या भरतात, बाकीच्या दिवसांत सगळ्यांच्याच रिकाम्या. जे चालवतात ते स्वतः तिथं राहतात, बायका पहाटे उठून मोदक वळतात. तू पुण्यातून व्हॉट्सअ‍ॅपवर ते चालवणार नाहीस.

माणसांबद्दल थोडं. तुला ते घाटी म्हणतील. हसून सोडून दे, मला संभाजीनगरात लग्न होऊन आल्यावर 'भातखाऊ' म्हणायचे. आल्याआल्या उंच कंपाउंड घालू नकोस. आमच्याकडे गडगा असतो, कमरेएवढा, आणि आगरातून समुद्राकडे जाणारी वहिवाट असते. त्या वाटेनं गुरं जातात, कोळणी जातात, आणि तिथल्या माणसाला ती कागदापेक्षा खरी असते. ती अडवलीस की तुझ्या कौलावर चढायला एक गडी मिळणार नाही. शिमग्याला पालखी दारात येते तेव्हा घर उघडं असायला हवं. वर्गणीचा आकडा ऐकून तोंड वाकडं करू नकोस, पण मानापानात तोंडही घालू नकोस. व्याडेश्वराच्या देवळात जातोस तसं ग्रामपंचायतीत, नगरपंचायतीतही जाऊन बसत जा. कचरा कुठं जातो, धूपप्रतिबंधक बंधारा कुठवर मंजूर आहे, हे तिथं कळतं.

औषधपाण्याचं एका वाक्यात: साध्या दुखण्याला गावात डॉक्टर आहेत, मोठ्याला चिपळूण, म्हणजे चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूणच पाण्याखाली होतं. तुझ्या आईला तिथं नेऊन ठेवायचं जे मनात आहे, ते मनातच राहू दे. संभाजीनगरपासून तिकडे पाचशे किलोमीटरच्या आसपास, मध्ये कुंभार्ली घाट, आणि तिच्या गुडघ्यांना रहाटाची विहीर झेपायची नाही.

माझ्या भावांचं आगर विकत घ्यावं का, असं तू आडून विचारलं आहेस. नाही. एकतर आम्ही बहिणी सह्या करणार नाही, आणि केल्या तरी नात्यातल्या माणसाला किंमत सांगताना माझ्या भावांची जीभ अडखळेल आणि घेताना तुझी. तो गुंता मला दोन्ही घरांत नको.

त्यापेक्षा असं कर. टोकन देऊ नकोस. मेअखेरीस जा आणि जून ते सप्टेंबर गावात भाड्यानं राहा. बदलीवर आलेले मास्तर, बँकेतले, एसटीतले लोक राहतात त्या खोल्या असतात; रिसॉर्ट नको. जून-जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा सुक्या मासळीवर आणि कुळथाच्या पिठल्यावर दिवस काढून बघ. नागपंचमीपर्यंत कपडे वाळत नाहीत, चामड्याच्या पट्ट्यावर बुरशी धरते, रात्रभर समुद्राचा आवाज येतो आणि तो फोटोतल्यासारखा नसतो. इतकं होऊन तुला राहावंसं वाटलं तर तो तुकडा नसला तरी दुसरा मिळेल. चार महिन्यांत गावातली माणसंच तुला सांगतील कोणती जागा घ्यावी, आणि कोणती आजवर का विकली गेली नाही.

सातबारा, आठ-अ आणि मिळतील तेवढे फेरफार मला पाठव. काकांचे एक स्नेही भूमी अभिलेखात होते, त्यांना दाखवते.

आणखी एक. तुझ्या सगळ्या मेसेजांत 'आम्ही ठरवलंय', 'आम्हाला आवडलंय' असं आहे, पण पल्लवीची स्वतःची एक ओळ नाही. नव्या गावात घर लावायचं म्हणजे काय, ते मी केलेलं आहे. त्यातलं बरंचसं तिच्या वाट्याला येणार. चार महिने पावसात राहायला ती तयार आहे का, हे तिनं मला वेगळं कळवावं. तू शेजारी बसून नव्हे.

तुझी,
काकू